चाकाला धरून ठेवणारा हात

दिल्लीत कामानिमित्त येणाऱ्या मराठी माणसाला कोपर्निकस मार्ग ठाऊक असतो तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे उतरणारा हा रस्ता, पूर्वीचा लिटन रोड. कमानी सभागृह, दूरदर्शन भवन, फरीदकोट हाऊसमधले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अशी मोठी मंडळी इथे शेजारीशेजारी नांदतात. इंडिया गेटच्या टोकाला, कोपर्निकस मार्ग आणि कस्तुरबा गांधी मार्ग यांच्या बेचक्यात, बडोदा हाऊस आहे. सयाजीराव गायकवाडांच्या दिल्लीतल्या मुक्कामासाठी एडविन लट्यन्सने या वाड्याचा आराखडा केला आणि १९२१ ते १९३६ या काळात तो उभा राहिला. डिसेंबर १९११च्या दिल्ली दरबारात बादशहासमोर वाकून मागे सरकत जाण्याऐवजी पाठ फिरवून निघून गेलेले ते हेच सयाजीराव. आज त्यांच्या वाड्यात उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे.

ही रेल्वे १४ एप्रिल १९५२ रोजी स्थापन झाली. तेव्हापासून भारतीय प्रवासी डब्याच्या तळाशी जे मोठे बदल झाले, त्यातले बरेचसे प्रथम तिच्याच रुळांवर धावले. पहिली राजधानी, पहिली शताब्दी, पहिले जर्मन डबे, अलीकडची अमृत भारत या साऱ्या गाड्यांचे एक टोक दिल्लीत. गाडीचे नाव, रंग, वेग यांच्या बातम्या होतात. पण प्रवाशाच्या पाठीला काय सोसावे लागणार हे ठरते डब्याच्या खाली, चाकाला ॲक्सलसकट धरून ठेवणाऱ्या हातभर लांबीच्या भागात. मोटारीच्या गॅरेजात त्याला कंट्रोल आर्म म्हणतात आणि रेल्वेच्या पुस्तकांतही तेच नाव आहे. काम एका वाक्यात सांगण्यासारखे आहे : चाकाला वरखाली होऊ द्यायचे, बाकी कुठल्याही दिशेला बहकू द्यायचे नाही. ते नीट जमायला भारतीय रेल्वेला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. जमल्यानंतर ते जनरलच्या डब्यापर्यंत पोहोचायला आणखी वीस वर्षे गेली. यातली दुसरी दिरंगाई अधिक बोचणारी आहे.

मोटारीत चाक असे बहकण्याचा दोष कानाला आणि कंबरेला लगेच कळतो. गाडी जोरात काढली की मागची चाके रस्ता धरण्याऐवजी थडाथड उड्या मारू लागतात. कारण असे : इंजिन चाकाला पुढे फिरवते तेव्हा ॲक्सलचे सबंध घर उलट्या दिशेला वळू पाहते. ते घर पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर बसवलेले असेल, तर पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे मुरडतात. टायरची पकड क्षणभर सुटते, मुरडलेले पाटे झटक्याने सरळ होतात, टायर पुन्हा रस्ता पकडतो, पाटे पुन्हा मुरडतात. हा फेरा सेकंदाला कित्येक वेळा घडतो. वजन पेलायचे आणि ॲक्सलला जागेवर धरायचे ही दोन्ही कामे एकट्या पाट्यांवर सोपवली की असेच होणार. उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनत राहिलेल्या ॲम्बेसेडरच्या मागे पाटेच होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाटच्या, म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीच्या मागेही पाटेच. या गाड्यांना ताकद बेताची, म्हणून उड्यांचा आजार फारसा उघडा पडला नाही.

अमेरिकेत ताकदवान इंजिनांच्या गाड्यांत तो पुरेपूर उघडा पडला. तिथे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि ॲक्सल धरायला स्वतंत्र आर्म आले, पण कारखान्यातून निघणारे आर्म पातळ पत्र्याचे आणि त्यांच्या टोकांचे रबरी बुश मऊ. जोर पडला की आर्म वाकणार, बुश दबणार, चाक उडणार. १९८०च्या दशकात फोर्डने आपल्या मस्टँगच्या मागच्या ॲक्सलला उभ्या शॉक ॲब्सॉर्बरांखेरीज आणखी दोन आडवे शॉक ॲब्सॉर्बर लावले. हौशी लोकांनी त्यापुढे जाऊन पत्र्याचे आर्म काढले, जाड नळीचे किंवा चारही बाजूंनी बंद पेटीसारखे आर्म बसवले आणि त्यांत कडक बुश घातले. आपल्याकडे २००२ साली नाशिकहून निघालेल्या महिंद्राच्या स्कॉर्पिओने मागे पाटे न ठेवता आर्म आणि कॉइल स्प्रिंग घेतले, तेव्हा जीपच्या परंपरेतल्या त्या कंपनीने हेच पाऊल उचलले होते.

रेल्वेच्या डब्याला इंजिन फिरवत नाही, तो नुसता ओढला जातो. त्यामुळे त्याचा आजार थोडा वेगळा. रुळावरचे चाक सपाट नसते, किंचित निमुळते असते. नव्या चाकाचा हा उतार भारतात पूर्वापार वीसास एक असा ठेवत आले. या उतारामुळेच चाकांची जोडी रुळांच्या मध्यावर राहते, आणि याच उतारामुळे ती सरळ न धावता नागमोडी धावते. योहानेस क्लिंगेल या जर्मन अभियंत्याने १८८३ साली या नागमोडीचे गणित मांडले. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आणि डब्याचे चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचे. क्लिंगेलच्या सूत्रात हे आकडे घातले तर सुमारे १८ मीटरमागे एक वळसा निघतो. ताशी १३० किलोमीटर वेगाला म्हणजे सेकंदाला दोन हेलकावे. ॲक्सल नीट धरलेला असेल तर हे हेलकावे जिरतात. तो खिळखिळा असेल तर एका वेगानंतर ते वाढत जातात, चाकाची कड रुळावर दोन्ही बाजूंनी आपटू लागते आणि सबंध डबा थरथरतो. उपाय मात्र मोटारीतल्यासारखाच : वजन पेलणारी स्प्रिंग निराळी, ॲक्सल धरणारा हात निराळा.

सुरुवातीच्या काळात तसा हात कुठेच नव्हता. बडोद्याच्या गायकवाडांनीच हिंदुस्थानातला पहिला नॅरोगेज लोहमार्ग घातला. खंडेरावांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम असा सुमारे वीस मैलांचा, अडीच फूट रुंदीचा मार्ग तयार झाला आणि त्यावरची गाडी बैल ओढत. वाफेची इंजिने तिथे नियमित धावू लागली ती बऱ्याच वर्षांनी. बैलाच्या चालीला क्लिंगेलचे गणित लागू पडायचे कारण नव्हते. पण मोठ्या गेजवरचे चार चाकी डबे वाफेच्या इंजिनामागे धावू लागले तेव्हा त्यांचे दुखणे लवकरच कळले. ॲक्सलच्या टोकाला असलेली पेटी दोन उभ्या लोखंडी पट्ट्यांमधल्या खाचेत वरखाली सरके. ती अडकू नये म्हणून खाचेत थोडी मोकळीक ठेवावीच लागे. लोखंड लोखंडावर घासे, मोकळीक वाढे, आणि वाढलेल्या मोकळिकीत ॲक्सल हवा तसा तिरका होई. वजन पेलायला वर पाटे होते. पाट्यांच्या पानापानांत घर्षण असते, ते थोडेफार हेलकावे खाऊन टाकी. त्या काळच्या वेगाला तेवढे पुरत असे.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे मुळापासून पाहणारा पहिला माणूस बार्शीला भेटतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेतून बाहेर पडलेला इंग्रज अभियंता. बार्शी टाउनहून मोठ्या रेल्वेच्या बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, त्याने अडीच फुटी लाइट रेल्वे घातली आणि ती १८९७ साली सुरू झाली. नॅरोगेज म्हटले की हलके, तकलादू, डुगडुगणारे असे तेव्हा समीकरण होते. कॅलथ्रॉपने ते मोडले. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, प्रत्येक ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडणार नाही असा नियम त्याने घातला आणि डबे दाबीव पोलादाच्या बोग्यांवर बसवले. (बोलताना सगळे डब्यालाच बोगी म्हणतात. रेल्वेत बोगी म्हणजे डब्याखालची दोन ॲक्सलची चाकगाडी, आणि या लेखात तोच अर्थ आहे.) भार सारखा वाटला गेल्यामुळे हलक्या रुळांवरूनही लांब डबे चालवता आले. ही रेल्वे पुढे एका बाजूला पंढरपूरकडे आणि १९२७ पर्यंत मिरजेला गेली, दुसऱ्या बाजूला १९११ साली लातूरला पोहोचली. आषाढी-कार्तिकीला तिने किती वारकरी वाहिले याची मोजदाद अवघड आहे. गरीब मुलुखातल्या गरीब प्रवाशासाठीही चाकाखालचा विचार बारकाईने करता येतो, हे बार्शी लाइटने एकोणिसाव्या शतकातच दाखवले. दुर्दैवाने पुढच्या मोठ्या रेल्वेने तो धडा बराच काळ बाजूला ठेवला.

१ जून १९३० रोजी मुंबई-पुणे दख्खनची राणी सुरू झाली तेव्हा चित्र अगदी उलट होते. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या, एक रुपेरी आणि एक निळी. खालच्या चौकटी इंग्लंडहून आलेल्या, वरचे डबे माटुंग्याच्या वर्कशॉपात बांधलेले. गाडीत फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. पहिला वर्ग १९४९च्या सुरुवातीला बंद झाला, आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला या गाडीत पाऊल ठेवायला मिळाले ते जून १९५५ मध्ये, गाडी सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांनी. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढच्या प्रत्येक सुधारणेत तो दिसतो.

त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९५५ रोजी, मद्रासच्या पेरांबूरला पंडित नेहरूंनी इंटिग्रल कोच फॅक्टरीचे, म्हणजे आयसीएफचे, उद्घाटन केले. स्वित्झर्लंडमधल्या श्लीरेन इथल्या कंपनीशी करार करून आलेले हे तंत्र होते. लाकडी सांगाड्याचा डबा जाऊन सबंध पोलादी, जोडकाम केलेला डबा आला. अपघातात जुने डबे एकमेकांत घुसत, तो धोकाही यामुळे पुष्कळ कमी झाला. त्याच्याखाली पुढे स्थिर झालेली आयसीएफ बोगी खाचेतल्या पेटीपेक्षा फार पुढची होती. पाटे गेले, सगळीकडे कॉइल स्प्रिंग आल्या. ॲक्सल धरायला मात्र आर्म नव्हता. त्याऐवजी प्रत्येक ॲक्सलपेटीच्या दोन बाजूंना दोन तेलाची नळकांडी, ज्यांना डॅशपॉट म्हणतात. वरच्या चौकटीतून खाली आलेला पोकळ खांब या नळकांड्यात वरखाली सरके. तेल त्याच्या बारीक भोकांतून जाताना हादरा जिरवी, आणि तोच खांब ॲक्सलला जागेवरही धरी. एका बोगीला आठ, एका डब्याला सोळा डॅशपॉट. प्रत्येकात सुमारे दीड लिटर तेल.

स्वस्त, सोपी आणि आपल्या कारखान्यांना सहज बनवता येण्यासारखी ही रचना होती, आणि तिने साठ वर्षे देश वाहून नेला. तिची थोरवी मान्य करूनच तिचा दोष सांगितला पाहिजे. एकच भाग सरकणारही आणि धरणारही. सरकायचे तर मोकळीक हवी, आणि मोकळीक आली की झीज आली. खांबाभोवतीचे बुश झिजले की ॲक्सलला आडवे हलायला काही मिलिमीटर मिळतात. तेवढे नागमोडीला पुरेसे असतात. त्यात सील फाटून तेल गळाले तर हादराही जिरत नाही. तपासणीच्या खड्ड्यावर, म्हणजे पिट लाइनवर, गाडी आली की कामगारांनी वाकून एकेक डॅशपॉट पाहायचा, पातळी मोजायची, तेल भरायचे. चोवीस डब्यांच्या गाडीला असे ३८४. दिल्लीच्या थंडीत रात्री आणि मनमाडच्या उन्हात दुपारी हे काम पिढ्यान्‌पिढ्या झाले आहे. प्रवाशाला झोप लागली ती या लोकांच्या कंबरेच्या जोरावर.

याच बोगीवर वेगाचा पहिला मोठा प्रयोग झाला. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने १९६७ मध्ये प्रत्यक्ष रुळांवर चाचण्या सुरू केल्या आणि मार्च १९६९ मध्ये नवी दिल्ली-हावडा राजधानी धावली : १४५० किलोमीटर, १७ तास २० मिनिटे, कमाल वेग ताशी १२०. मुंबईला राजधानी मिळाली ती १९७२ साली. दरम्यान १९६६ मध्ये दख्खनच्या राणीला पेरांबूरचे डबे मिळाले होते. त्यांच्या बोग्या सुधारलेल्या होत्या आणि गाडीही सात डब्यांवरून बारा डब्यांची झाली. आयसीएफ बोगी चांगली राखली तर ताशी १३०-१४० पर्यंत नेता येई, पण राखण्याचा खर्च आणि कष्ट वेगाबरोबर वाढत जात. राजधानीच्या डब्यांना जी निगा मिळे ती पॅसेंजरच्या डब्यांना कुठून मिळणार? बोगी तीच, आणि तरी प्रवास निराळा.

मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरमध्ये लाकडी फळ्या होत्या. बोगीतून येणारा प्रत्येक हादरा हाडापर्यंत पोहोचे. कोकणातल्या राजापूरमधून निवडून आलेल्या या समाजवादी मंत्र्याने त्या फळ्यांवर दोन इंच फोमची गादी घालण्याचे ठरवले. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, ती एकाच वर्गाची. अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर गादी हा चाकाच्या दोषावरचा इलाज नव्हे. ती हादरा उगमापाशी थांबवत नाही, शेवटच्या दोन इंचांत थोपवते. पण फळीवर झोपणाऱ्या माणसाच्या पाठीची काळजी हा रेल्वेच्या धोरणाचा विषय आहे, हे मंत्र्याच्या पातळीवर इतक्या ठामपणे क्वचितच मांडले गेले असेल. आजचा प्रवासी स्लीपरच्या गादीवर आडवा होतो तेव्हा तो दंडवत्यांच्या निर्णयावर झोपलेला असतो.

माधवराव शिंदे यांच्याकडे रेल्वे खाते असताना १९८८ मध्ये पहिली शताब्दी दिल्लीहून ग्वाल्हेर-झाशीच्या दिशेने धावली. याच दशकात पंजाबात कपूरथळ्याला डब्यांचा दुसरा कारखाना उभा राहिला, आणि आर्मची गोष्ट खऱ्या अर्थाने तिथे सुरू होते.

१९९५ मध्ये जर्मनीतल्या लिंके-हॉफमान-बुश या कंपनीशी करार झाला. त्या नावाची आद्याक्षरे म्हणजे एलएचबी. चोवीस डबे तयार होऊन आले : एकोणीस वातानुकूलित चेअर कार, दोन एक्झिक्युटिव्ह आणि तीन जनरेटर-ब्रेकव्हॅन. पुढचे डबे कपूरथळ्यात बनणार होते. २००० साली ते प्रथम धावले नवी दिल्ली-लखनौ शताब्दीला, उत्तर रेल्वेच्या हद्दीत. डबा जर्मन असला तरी खालची बोगी फियाटची होती. इटलीतल्या फियाटच्या रेल्वे विभागाने १९७०च्या दशकात युरोपातल्या अनेक देशांसाठी एकाच धर्तीचे डबे बनवताना जी बोगी तयार केली, तिच्याच कुळातली ही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीने फियाट हे नाव मुंबईच्या घराघरांत नेले होते. त्या टॅक्सीचे उत्पादन ज्या सुमारास थांबत होते, त्याच सुमारास ते नाव भारतीय रेल्वेच्या डब्याखाली आले.

या बोगीत डॅशपॉट नाहीत. प्रत्येक चाकाजवळ एक ओतीव, आडवा आर्म आहे, बोगीला चार, डब्याला आठ. त्याचे एक टोक बोगीच्या चौकटीला जाड रबरी बुशने जोडलेले, दुसऱ्या टोकात ॲक्सलचे बेअरिंग बसवलेले. दार जसे बिजागरीवर फिरते तसा हा आर्म बुशवर वरखाली फिरतो, आणि त्याच्या पाठीवर एकात एक बसवलेल्या दोन कॉइल स्प्रिंग वजन पेलतात. लोखंड लोखंडावर कुठेच सरकत नाही. मोकळीक ठेवायची गरज नाही, म्हणून झिजून वाढणारी मोकळीकही नाही. ॲक्सल पुढेमागे किंवा आडवा किती हलेल हे रबराचा कडकपणा ठरवतो, आणि तो आधीच हिशेबाने ठरवलेला असतो. फार मऊ ठेवला तर नागमोडी सुरू होते, फार कडक ठेवला तर वळणावर चाक रुळाला घासते. मस्टँगचा हौशी मालक बुश निवडताना जो तोल शोधतो तोच हा तोल, फक्त इथे एका आर्मवर पाच-सहा टनांहून जास्त भार असतो. जोडीला बोगी आणि डबा यांच्यामध्ये आडवे डॅम्पर, जे सबंध बोगीला उजवी-डावीकडे वळवळू देत नाहीत. फोर्डच्या त्या दोन आडव्या शॉक ॲब्सॉर्बरांचे हे मोठे भाऊ.

फरक मोजता येतो. प्रवासाची सुखदता मोजण्याचा जो निर्देशांक रेल्वे वापरते, त्यात आकडा जितका लहान तितका प्रवास मऊ. आयसीएफ डब्याचा आकडा सव्वातीनपर्यंत जातो, एलएचबीचा पावणेतीनच्या आत राहतो. ताशी १६० किलोमीटरला ही बोगी स्थिर धावते. २०१६ मध्ये निजामुद्दीनहून आग्र्याला निघालेली गतिमान एक्सप्रेस त्या वेगाने धावली ती याच बोगीवर.

आराखडा परदेशातून आला की तो आपल्या रुळांना, भाराला आणि गर्दीला सरावायला वेळ लागतो. एलएचबीलाही लागला. जुन्या डब्यांना जोडणारा आटे पिळायचा कपलर गेला आणि त्याच्या जागी मधोमध बसणारा, आपोआप अडकणारा कपलर आला. अपघातात तो डबे एकमेकांवर चढू देत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्यामागच्या धक्का झेलणाऱ्या यंत्रणेत ढिलाई होती. गाडी निघताना आणि थांबताना असे हिसके बसू लागले की वरच्या बर्थवरच्या माणसाने दांडी धरून राहावे. चाकाचा हादरा जिरला तर डब्याडब्यांमधला हिसका जाणवू लागला. प्रवाशांच्या तक्रारी वाढल्या, आणि २०१०च्या दशकात या कपलरांमागची यंत्रणा बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले. स्लीपर आणि जनरल डब्यांत क्षमतेच्या कितीतरी पट माणसे चढतात, त्या भाराला कॉइल स्प्रिंग पुरेनात, म्हणून वरच्या टप्प्यावर, म्हणजे बोगी आणि डबा यांच्यामध्ये, हवेच्या स्प्रिंगा बसवल्या गेल्या. माणसे चढली की त्यांत हवा वाढते, उतरली की कमी होते, डब्याची उंची तीच राहते.

खरी खंत उशिराची. २००० साली शताब्दी, २००३ साली मुंबई राजधानी, मग इतर राजधान्या, मग दुरांतो. वरून खाली झिरपत जाणारी ही चाल पंधरा वर्षे चालली, आणि त्या काळात पेरांबूरहून जुन्या धर्तीचे डबे हजारोंनी निघतच राहिले. २० नोव्हेंबर २०१६च्या पहाटे कानपूरजवळ पुखरायांला इंदूर-पाटणा एक्सप्रेस घसरली. डबे एकमेकांत घुसले, जवळपास १५० माणसे गेली. गाडी जुन्या डब्यांची होती. सुरेश प्रभू तेव्हा रेल्वेमंत्री होते, आणि सगळी डबेबांधणी एलएचबीवर नेण्याच्या निर्णयाला त्यानंतर वेग आला. जानेवारी २०१८ मध्ये पेरांबूरहून जुन्या आराखड्याचा शेवटचा डबा बाहेर पडला. आर्मचे तंत्र देशात आल्यावर तब्बल अठरा वर्षांनी. ज्ञान हाती होते, कारखाना हाती होता. पैसा कुठल्या डब्यावर आधी खर्चायचा, हा निर्णय पुन्हापुन्हा एकाच बाजूने होत गेला.

महाराष्ट्राला दिल्लीशी जोडणारी १९१२ पासूनची पंजाब मेल डिसेंबर २०२० मध्ये एलएचबीची झाली. दख्खनच्या राणीला नवे डबे मिळाले जून २०२२ मध्ये. ज्या लातूरला १९११ साली कॅलथ्रॉपची छोटी गाडी पोहोचली होती, तिथे मार्च २०१८ मध्ये मराठवाडा रेल्वे डबे कारखान्याची पायाभरणी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथून पहिला सांगाडा बाहेर आला.

मग ३० डिसेंबर २०२३ रोजी अयोध्येहून दोन गाड्यांना झेंडा दाखवला गेला, त्यातली एक दरभंग्याहून दिल्लीच्या आनंद विहारला येणारी अमृत भारत एक्सप्रेस. बावीस डबे : बारा स्लीपर, आठ जनरल आणि दोन टोकांना सामान-गार्डचे. वातानुकूलित एकही नाही. पुढे एक आणि मागे एक इंजिन, त्यामुळे निघताना ओढही आहे आणि ढकलही. डब्याडब्यांमध्ये अर्ध-कायमस्वरूपी घट्ट जोड असल्यामुळे हिसक्याला जागाच उरलेली नाही. खाली आर्मची बोगी. बिहारहून दिल्लीला कामासाठी येणारा मजूर जनरलच्या तिकिटावर ताशी १३०ने धावणाऱ्या गाडीत बसतो, आणि चाकाखालचे जे काम २००० साली लखनौच्या एक्झिक्युटिव्ह डब्यात आले होते ते आता त्याच्याही बाकाखाली आहे. असे जनरल डबे गाडीमागे आठ.